सिद्धरामच्या वाट्याचा घोट

२२ नोव्हेंबर १९८२, सोमवार

बालवाडीच्या बायांना यंदा दोन वह्या मिळाल्या. एकीत पोरांची हजेरी आणि खाऊ लिहायचा. दुसरी शिल्लक ठेवा म्हणाले. शिल्लक ठेवायला माझ्याकडे रागाशिवाय काही नाही, म्हणून आजपासून तोच हिच्यात ठेवते.

आज व्यंकटराव जीप घेऊन दारात. तालुक्यात कुठलीही समिती निघाली की अध्यक्ष हेच. लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून समित्यांचं पीक जोरात आलंय, रानात मात्र कुसळ उगवलं नाही. यांची ताजी समिती नव्या जिल्ह्यातल्या वीरांचा सत्कार करणार आहे. लढाई जिंकली तो दिवस म्हणजे सोळा डिसेंबर धरलाय, मंडप लातूरला, आणि पहिला मान आमच्या सुभेदारांचा.

आमचे सुभेदार म्हणजे माझा नवरा, देविदास सोनकांबळे. एकाहत्तरच्या लढाईत वाळवंटातल्या एका चौकीवर मोठे साहेब जखमी होऊन पडले आणि कमान यांच्या हातात आली. यांनी चौकी सोडली नाही. त्याचं पदक ट्रंकेत, गोधड्यांच्या खाली आहे. कोणी विचारलंच तर म्हणतात, सोडून जायला जागाच नव्हती, चहूकडे वाळू.

व्यंकटरावांबरोबर निवृत्ती गुरुजी होते. हायस्कूलात मराठी शिकवतात आणि समितीचं सगळं लिखाण तेच करतात. सुभेदारांनी आघाडीवरून मला जी पत्रं लिहिली त्यांची त्यांना पुस्तिका काढायची आहे. सुभेदार म्हणाले, पत्रात काय आहे, शेळी आणि पाऊसपाणी. गुरुजी म्हणाले, ते आम्ही बघू.

मग व्यंकटराव मुद्द्यावर आले. आमच्या गावच्या दोन्ही विहिरी दिवाळीआधीच तळाला गेल्या. टँकर येतो तेव्हा येतो. बोअर पाडून हापसा बसवावा म्हणून गावानं अर्ज केला होता, तो जिल्हा एक असताना. आता त्या जिल्ह्याचे म्हणतात तुम्ही आमचे राहिला नाहीत आणि या जिल्ह्याचे म्हणतात तुमचे कागद आमच्याकडे आले नाहीत. सोळा तारखेला मोठे पाहुणे मंडपात येणार, पुस्तिका त्यांच्या हातात पडणार, आणि तिथंच आपल्या गावचा बोअर जाहीर करून घेऊ, असं व्यंकटरावांचं म्हणणं. वर म्हणाले, सुभेदार, गावाचं पाणी आता तुमच्या पत्रात हाय बगा.

पाहुण्यांनी चहा घेतला. सुभेदारांचा कप तसाच निवला.

२४ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सुभेदार म्हणाले, पत्रं द्यायची तर दे, पण शेवटचं तेवढं चुलीत घाल.

मी म्हटलं, का म्हणून? पत्र ज्याला येतं त्याचं असतं. पाकिटावर नाव माझं आहे. तुम्ही लिहिलं आणि धाडून दिलं, तिथं तुमचा हक्क संपला.

पलटणीला हुकूम सोडणारा माणूस, माझ्यापुढे मात्र माघार घेतो. काठी उचलली आणि टँकरची वाट बघायला गेले.

ते पत्र इथं उतरवून ठेवते, म्हणजे चुलीत गेलं तरी जाणार नाही.

“प्रिय कावेरी,
सप्रेम जयभीम. लढाई थांबली. मी बरा आहे, हातपाय शाबूत आहेत. शेळी विकली नाहीस ना? विकू नको.
तुला एक सांगायचं आहे, दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. आमची पाण्याची गाडी आलीच नाही. पाणी वाटायचं काम मी माझ्याकडं ठेवलं. प्रत्येकाला अर्धा पेला आणि कमांडर सगळ्यांच्या शेवटी, हा हुकूम माझाच. सिद्धरामच्या मांडीत गोळी होती, तो डोळे मिटून पडला होता. त्याच्या वाट्याचा पेला माझ्या हातात होता. त्यातला एक घोट मी घेतला. मग उरलेलं त्याला पाजलं. कोणी बघितलं नाही. पहाटे गाडी आली. सिद्धराम वाचला. एका घोटानं काय बिघडलं, असं कोणीही म्हणेल. तू म्हणू नको.
तुझा देविदास”

एवढंच पत्र. आता मला सांगा, एका घोटानं काय बिघडलं? मी तेव्हा उलटटपाली हेच कळवलं होतं, की मनाला लावून घेऊ नका, माणूस वाचला ना, मग एका घोटाचं काय घेऊन बसलात. त्यानंतर यांनी तो विषय कधी काढला नाही. म्हणजे पटलं असणार. आणि आता अकरा वर्षांनी चुलीत घाल म्हणतात. म्हातारपणी माणसं हट्टी होतात ती अशी.

२७ नोव्हेंबर, शनिवार

गुरुजी पत्रं उतरवून घ्यायला ओसरीवर येऊन बसले. सुभेदार टँकरवर होते.

टँकर आला की हे काठी घेऊन रांगेशी उभे राहतात. कोणी नेमलं नाही, पण गावानं मानलंय. घागर कोणाचीही असो, पाटलाची की आमच्या वस्तीतली, पाळी म्हणजे पाळी. मागं एकदा सरपंचाची घागर मधेच घुसली तेव्हा यांनी ती उचलून रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवली, आणि सरपंच मुकाट शेपटाला गेला. आणि स्वतः? सगळ्यांचं भरून होईस्तोवर ओठाला थेंब लावायचे नाहीत. घरी जेवतानाही तेच, लग्नात पंगतीतही तेच. मी याला पलटणीची खोड म्हणते. इतक्या वर्षांत सुटली नाही, आता काय सुटणार.

गुरुजींना मी पत्र्याचा डबा दिला. शेवटचं पत्र आधी बाजूला काढलं होतं. मग माझं मलाच वाटलं, मी का लपवू? सगळ्या पत्रांत खरं हेच. बाकीच्यांत शेळी, कौलं, माझ्या आईचं दुखणं. उद्या लोकांना कळू दे की माझा नवरा आपल्या चुकीचं पत्र लिहून बायकोला धाडतो. असे किती नवरे आहेत गावात? दिलं.

गुरुजींनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, बाई, ह्याच्यात लई ताकद हाय. मला बरं वाटलं. सुभेदारांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा त्यांनी उठून पत्र्याचा डबा परत फळीवर ठेवला. रागावले असते तर मी भांडले असते. रागावले नाहीत, तेच वाईट.

४ डिसेंबर, शनिवार

पुस्तिका छापून आली. वर यांचा फोटो, आत माझी पत्रं. माझी म्हणायची का, हा प्रश्न आहे.

पहिल्याच ओळीला माझं डोकं फिरलं. “सौभाग्यवती कावेरीस अनेक उत्तम आशीर्वाद.” या माणसानं मला जन्मात आशीर्वाद दिलेला नाही. प्रत्येक पत्रात सप्रेम जयभीम असायचं, ते पार पुसून टाकलंय. एकातसुद्धा ठेवलं नाही. पुढे “मातृभूमीच्या रक्षणार्थ प्राण तळहाती घेऊन” वगैरे. आमचे सुभेदार तळहातावर तंबाखू सोडून काही घेत नाहीत. शेळी कुठंच नाही. शेळी गेली, कौलं गेली, माझ्या आईचं दुखणं गेलं.

मी एकेक ओळ वाचून तावातावानं बोलत होते. यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि शेवटचं पान काढलं. तिथं छापलंय: “सर्वत्र पाण्याचा दुष्काळ असता मी माझ्या वाट्याचा पेला जखमी सिद्धरामच्या ओठी लावला व स्वतः तहानलेला राहिलो.”

मी म्हटलं, बघा, हेही बदललं.

यांनी पुस्तिका मिटून खाली ठेवली आणि जेवायला नको म्हणाले. मी ताट झाकून ठेवलं. छपाईच्या चुकीवर माणूस उपाशी राहतो का? राग मलाही आलाय, पण मी दोन भाकरी खाल्ल्या. भांडायचं तर पोटात काहीतरी हवं.

६ डिसेंबर, सोमवार

सकाळी समाजमंदिरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. सुभेदार शेवटच्या ओळीत बसले होते. एरवी पुढे बसतात.

घरी आलो तर पोस्टमन. सिद्धरामचं कार्ड. हो, तोच. समितीनं त्यालाही बोलावलंय. ज्याला पाणी पाजलं तो मंडपात हजर, म्हणजे टाळ्यांना खळ नाही. धर्माबादच्या बाजारात राखणीला असतो. लिहिलंय, साहेबांना बघून युगं झाली, आदल्या दिवशीच घरी येतो.

मी म्हटलं, किती छान, जुना माणूस भेटेल. यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, पोटात जळजळतंय. ओवा दिला. यांना पित्ताचा त्रास आहेच.

९ डिसेंबर, गुरुवार

गुरुजींकडे जाऊन आले. पुस्तिका पुढ्यात टाकली आणि विचारलं, हे कोणाचं पत्र आहे? माझ्या नवऱ्याचं तर नाही.

गुरुजी माणूस वाईट नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, बायकोला चहा सांगितला आणि मग समजावलं, की घोटाची गोष्ट तशीच छापली तर पोरांपुढं काय आदर्श राहील, आणि आपण कुठं काय खोटं लिहिलं, पेला तर सुभेदारांनीच पाजला. मी म्हटलं, आणि जयभीम? त्यावर गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, व्यंकटरावांनी सांगितलं होतं, पुस्तिका सगळ्या जिल्ह्याची आहे, सगळ्यांना चालेल असं ठेवा. मी विचारलं, ज्यांना जयभीम चालत नाही त्यांना चौकी कशी चालली हो? चहा यायच्या आत उठले.

घरी येऊन सुभेदारांना सांगितलं की मी समितीला कळवते, पुस्तिका मागे घ्या नाहीतर आम्ही येत नाही. तेव्हा ते बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सलग बोलले.

“कावेरी, ऱ्हाऊ दे. बायांना किती लांबून पाणी आणावं लागतंय ते तूच बगतीस. माझ्या एका खोट्यानं गावाला हापसा मिळत असंल तर मिळू दे. मी बसतो खुर्चीवर मान खाली घालून.”

मी म्हटलं, मान खाली घालायची आहे तर सत्कार कशाला?

“तुला कळायचं न्हाई,” म्हणाले.

मला कळायचं नाही. सातवीला केंद्रात पहिली आले होते मी. कळायचं नाही म्हणे.

१२ डिसेंबर, रविवार

व्यंकटरावांचा निरोप. सोळा तारखेला शेवटचं पत्र वीरपत्नीनं स्वतः वाचायचं, म्हणजे मी. पुस्तिकेतून, सावकाश, भावनेनं.

हो म्हणून कळवलं. कोणतं पत्र वाचेन ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१५ डिसेंबर, बुधवार

दुपारच्या एस.टी.नं सिद्धराम आला. मी सैन्यातला गडी म्हणून कोणी दांडगा माणूस धरून चालले होते. हा किरकोळ, केस पिकलेले, एक पाय ओढत चालतो. खांद्याला जुनी फौजी पाण्याची बाटली, तिच्या बुडाला बसणारा पत्र्याचा पेला, पोचे पडलेला. दारात उभा राहून त्यानं असा कडक सलाम ठोकला की शेजारची कोंबडी पळाली. सुभेदारांचा हात वर गेला खरा, पण अर्ध्यात थांबला.

आत घेतलं. मी म्हटलं, लांबून आलात, आधी पाणी घ्या. आमच्याकडे हल्ली पाहुण्याला पाणी विचारताना आधी माठात डोकवावं लागतं, पण विचारायचं ते विचारायचं. त्यानं तांब्यातलं पाणी स्वतःच्या पेल्यात ओतलं आणि पेला सुभेदारांपुढं धरला.

“आधी साहेब.”

केवढी ही शिस्त. यांनी पेला घेतला, तोंडापर्यंत नेला आणि हात असा थरथरला की सगळं पाणी धोतरावर. मी ओरडलेच. दुष्काळात पाणी सांडतात का? सिद्धराम मला म्हणाला, असू द्या वहिनी, हात हाय, हालतो कवाकवा. त्यानं पेला पुसला आणि परत बाटलीला बसवला. स्वतः पाणी मागितलंच नाही.

मग गप्पा. म्हणजे सिद्धराम बोलत होता आणि मी ऐकत होते. धर्माबादकडे तेलुगू जास्त, तिथं पाण्याला नीळ्ळु म्हणतात, पण यंदा नाव काहीही घ्या, येत नाही, असं म्हणून हसला. त्यानं पुस्तिका चाळली. शेवटच्या पानावर थोडा थांबला, मग मिटून म्हणाला, “फोटो झ्याक आलाय साहेब.” लढाईचा एक शब्द दोघांपैकी कोणी काढला नाही. जुने सोबती भेटल्यावर ही काय तऱ्हा? आमच्या बायका भेटल्या असत्या तर आभाळ खाली आणलं असतं.

मी खरं पत्र पोलक्याच्या खिशात ठेवलंय.

१६ डिसेंबर, गुरुवार

सगळं नीट, पहिल्यापासून लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

मंडप मोठा. गावातून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती, कारण बोअर जाहीर होणार. कोंडाबाई सुद्धा आली. कोंडाबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी म्हातारी, जुन्या पाटील घराण्यातली. तिच्या घरच्या विहिरीवर माझ्या सासूला कधी घागर लावता आली नाही. आता तिची घागर टँकरच्या रांगेत माझ्या घागरीच्या मागे असते आणि त्याचं तिला काही वाटत नाही, असं ती सांगते.

व्यासपीठावर सुभेदारांची खुर्ची डुगडुगत होती. हे पदक लावून ताठ बसलेले, आणि खुर्ची मात्र पुढे-मागे. पलीकडे सिद्धराम. भाषणं झाली. व्यंकटरावांनी यांना नव्या जिल्ह्याचा पहिला दीपस्तंभ केलं, समुद्र इथून शेकडो मैल असताना. मग माझं नाव पुकारलं.

मी उठले आणि माइककडे न जाता यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. एका हातात पुस्तिका, दुसऱ्या हातात पोलक्यातून काढलेलं पत्र. हळूच विचारलं, कोणतं वाचू?

यांनी सिद्धरामकडे बघितलं. सिद्धराम समोर बघत होता. लोक चुळबुळायला लागले. व्यंकटराव खाकरले. तेव्हा सुभेदारांनी माझ्या हातातली पुस्तिका घेतली, तिची घडी घातली, आणखी एक घडी घातली, वाकून खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली आणि पुन्हा ताठ बसले. खुर्ची डुगडुगायची थांबली.

मला हसू आलं आणि ऊर भरून आला, दोन्ही एकदम. माइकवर गेले आणि मोठ्यानं म्हटलं, “प्रिय कावेरी, सप्रेम जयभीम.” मंडपात मागच्या अंगाला आमच्या वस्तीची माणसं बसली होती, तिकडून एकच टाळी आली, मग पुष्कळ.

शेळी विकू नको वाचलं तेव्हा बाया हसल्या. पाण्याची गाडी आली नाही, वाचलं. पेल्याचा हुकूम वाचला. घोट वाचला. माझा आवाज चांगला लागला होता, बालवाडीत गोष्ट सांगताना लागतो तसा. “एका घोटानं काय बिघडलं, असं कोणीही म्हणेल. तू म्हणू”

आणि तिथं अडकले. पुढचा एकच शब्द होता आणि तो निघेना. हे पत्र मला पाठ आहे. अकरा वर्षं पाठ आहे. पण समोर हजार माणसं असताना मला पहिल्यांदा दिसलं की हे वाक्य मला लिहिलंय. मला एकटीला. आणि मी उलटटपाली काय कळवलं? तेच. जे म्हणू नको म्हटलं होतं, नेमकं तेच. मला रडू फुटलं, माइकवर, सगळ्या नव्या जिल्ह्यासमोर.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुभेदार माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. पत्राकडे बघितलंही नाही.

“तू म्हणू नको,” त्यांनी वाक्य पुरं केलं. मग सिद्धरामकडे वळले. “सिद्धराम, तुझ्या वाट्याचा घोट मी पेलो. तुला पाणी पाजायच्या आधी. मी कमांडर होतो.”

सिद्धराम उठून उभा राहिला, सावधानमध्ये, दुखरा पाय जवळ ओढून.

“मला आठवत न्हाई साहेब,” म्हणाला. “लई दिस झाले.”

“मला आठवतंय,” हे म्हणाले.

व्यंकटराव धावत आले, माइक ओढून घेतला आणि सुभेदारांच्या विनयाबद्दल बोलायला लागले. यांनी माइक परत घेतला. इतक्या शांतपणे घेतला, टँकरपाशी सरपंचाची घागर उचलली होती तसा.

“विनय न्हाई. खरं हाय ते. चौकी राखली हेबी खरं, भ्यालो हेबी खरं, घोट पेलो हेबी खरं. मी माझ्या बायकोला खोटं लिव्हलेलं न्हाई. तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठिवा.”

आणि आम्ही उतरलो. शाल तशीच घडीत राहिली. मोठे पाहुणे घड्याळ बघत होते. बोअरचं नाव निघालं नाही.

मंडपाच्या मागे व्यंकटरावांनी गाठलंच. आवाज खाली ठेवून म्हणाले, लई वंगाळ केलं सुभेदार, आता बोअरचं अवघड हाय, कोणत्या तोंडानं मागू? गावातले चार लोक आजूबाजूला जमले होते. सुभेदारांचा चेहरा उतरला. गावाचं पाणी आपल्यापायी गेलं, हे त्यांच्या तोंडावर मला लिहिलेलं दिसलं. तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही.

“व्यंकटराव, बोअर काय पदक हाय व्हय, शूराला द्यायला? ज्याला तहान लागलीया त्याला द्यायचा अस्तोय. तुम्ही मागू नका. आमी मागतो.”

कोंडाबाई काठी टेकत पुढे आली. मला वाटलं आता म्हातारी बोल लावणार. ती म्हणाली, मी बी येती, मला घेऊन चला, माझी घागर रिकामीच हाय.

काही जण नाराज आहेत, ते मला कळतंय. मलाही झोपेआधी एकदा वाटून गेलं, की गप्प पुस्तिका वाचली असती तर हापसा आला असता. मग वाटलं, आला असता तर यांनी त्या हापशाचं पाणी कधी घशाखाली उतरवलं असतं?

१७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी टँकर आला. सुभेदार काठी घेऊन निघाले. सिद्धरामची एस.टी. दुपारची होती, तोही पाय ओढत यांच्या मागे. मी घागर घेऊन.

रांग लागली. कालच्या गोष्टीनं सगळे जरा अवघडलेले. सरपंच यांच्याकडे बघत नव्हता. सिद्धरामनं टँकरवाल्याला काहीतरी सांगितलं आणि तोटीखाली आपला पत्र्याचा पेला धरला. अर्धा भरला. मी नीट बघितलं, अर्धाच. त्यातला एक घोट त्यानं घेतला, बरोबर एक. आणि उरलेला पेला सुभेदारांपुढं धरला.

“घ्या साहेब. आता बरोबर झालं.”

आठवत नाही म्हणणारा हा माणूस. काल सगळ्या मंडपासमोर, सावधानमध्ये उभं राहून खोटं बोलला होता. आणि मी त्या पेल्याला शिस्त समजत होते.

सुभेदार पेल्याकडे बघत उभे. रांग थांबलेली. एवढ्या बायांची एकही घागर भरली नव्हती. मला माहीत होतं ते नको म्हणणार, आधी रांगेचं होऊ द्या म्हणणार. मी घागर खाली ठेवली आणि काहीच बोलले नाही. अकरा वर्षांत मला सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट हीच असेल.

मागून कोंडाबाई म्हणाली, “पी की रं देवा. आमी थांबतो.”

त्यांनी काठी सिद्धरामच्या हातात दिली. पेला दोन्ही हातांनी धरला. हात हलला, पण एक थेंबही सांडला नाही. सगळ्यांच्या आधी, सगळ्या गावासमोर, सावकाश प्याले. मग मिशा पुसल्या, काठी परत घेतली आणि जमिनीवर आपटली.

“चला, पुढं. पाळीनं.”

पहिली घागर कोंडाबाईची भरली. तिची पाळी नव्हती. यांनी बघितलं, आणि पहिल्यांदाच काही म्हटलं नाही. तिच्या घागरीला हात मीच लावला.

सिद्धराम दुपारी गेला. जाताना पत्र्याचा पेला ओट्यावर राहिला, असं मी म्हटलं. सुभेदार म्हणाले, ऱ्हायला न्हाई, ठिवलाय.

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं लातूरला जायचं ठरलंय. रिकाम्या घागरी घेऊन आम्ही सगळ्या, आमच्या वस्तीतल्या आणि वरच्या आळीतल्या, कलेक्टर साहेबाच्या दारात बसणार. कागद कोणत्या जिल्ह्यात अडकलेत ते त्यांनी शोधावं, आम्ही तोवर उठणार नाही. सुभेदार बरोबर येणार आहेत. मी सांगितलंय, काठी आणा, आणि शेवटच्या ओळीत बसू नका.